गुडघा जेवतो कसा?

अहो, गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तच मिळत नाही! मोठ्या माणसाच्या कूर्चेत एकही रक्तवाहिनी नसते, मज्जातंतूही नसतो. मग तिथल्या पेशी जगतात कशावर? उत्तर वाचलं आणि मी चाटच पडले. तेव्हापासून जामनेरात जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलेय.

उत्तर असं, की सांध्यातल्या वंगणातून! आणि ते आत खेळवायला लागते हालचाल. हाडांच्या टोकांवरचा हा गुळगुळीत थर गुडघ्यात बहुतेक ठिकाणी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर, त्यातही 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच. पाऊल टेकलं की त्यातून थोडं पाणी बाहेर येतं, उचललं की पुन्हा आत शिरतं. ओल्या कापसाचा बोळा दाबून सोडावा, अगदी तसं! छोटे रेणू आपसूकही झिरपतात, पण मोठ्या रेणूंना ही दाब-सोड हवी असते.

याहून भन्नाट गोष्ट पुढेच आहे. या पेशींना दाब कळतो! दाब ओळखणारे 'पिएझो' प्रथिनमार्ग शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना 2021चं नोबेल मिळालं. तेच मार्ग कूर्चेच्या पेशींतही सापडलेत आणि अति दाबाने होणाऱ्या इजेत त्यांचा हात दिसतो. दाब माफक आणि लयीत पडला, तर पेशी पाणी धरून ठेवणारे रेणू नव्याने बनवतात. तोच दाब सारखा एकाच जागी राहिला, तर त्यांचं काम मंदावतं. आणि दाब पडलाच नाही तर? कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णांत गुडघ्याची कूर्चा पातळ होत गेलेली मोजली गेलीय.

आता आपल्या पारावरचं निदान आठवा. 'वाट्या झिजल्या, आता बसून राहा!' पण हे बघा: धावणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. हौशी धावपटूंत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात सुमारे 3.5 टक्के, न धावणाऱ्यांत 10.2 टक्के, स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत 13.3 टक्के! धावण्यामुळेच फरक पडला असं यावरून सिद्ध होत नाही, पण हौसेने धावलं तरी गुडघे जातात, या भीतीला मात्र यात आधार मिळत नाही.

अतीचं काय, ते आमच्या शिवारातच दिसतं. कपाशीत उकिडवं बसून तासन् तास निंदणी, मग वेचणीच्या दिवसांत डोक्यावर गाठोडी. गुडघे मुडपून, ओझी उचलून करायच्या कामांत गुडघ्याचा संधिवात जास्त आढळतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात दिसलं होतं. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी 1996 मध्ये भिगवण गावात घरोघरी पाहणी सुरू केली, तेव्हा सुमारे 18 टक्के प्रौढांना सांध्या-स्नायूंची दुखणी निघाली. गावचं अंग कष्टाचं, म्हणून दुखणं चुकत नाही.

शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलंय, की एकदा नासलेली कूर्चा भरून येत नाही. म्हणून सांभाळायची ती आधीच. बायांनो, निंदताना मधूनमधून उठा, चार पावलं टाका. वजन जास्त असेल तर उतरवा. 1 किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो. सूज असेल, गुडघा अडकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पण नुसत्या दुखण्याच्या धाकाने खाट धरू नका. रोज चाला!