सातजणांची गाडी आणि चाळीसगाव-वेरूळची वाट

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगाव स्टेशनवर उतरले, तेव्हा त्यांना आपल्या वस्तीपर्यंत घेऊन जायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद, पण टांगेवाल्याला त्यांना बसवून टांगा हाकणे कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा तेवढा भाड्याने मिळाला आणि हाकायला आपल्याच समाजातला एक माणूस बसला. त्याला टांग्याची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, घोडा व टांगा खाली गेले आणि बाबासाहेब दगडांवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

लहानपणीची एक हकिकतही त्यांनी लिहिली आहे. वडिलांना भेटायला भाऊ आणि भाच्यांबरोबर गोरेगावला निघाले असता मसूर स्टेशनवर गाडीवाले त्यांना नेईनात. दुप्पट भाडे दिले, मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि गाडीवाला बाजूने चालत आला.

म्हणून आपल्या घरात गाडी घेण्याचा विषय निघाला की तो केवळ हौसेचा राहत नाही. तरीही कष्टाचा पैसा भावनेच्या भरात खर्च करायचा नसतो. आम्ही दोन दिवस एक गाडी चालवून पाहिली आणि त्याच निमित्ताने ही वाटही पाहिली. दोन्हींचा हिशेब समाजबांधवांपुढे ठेवतो.

गाडी का बदलायची?

आमच्याकडे जुनी पाच आसनांची गाडी आहे. घरात माणसे सात. आई, आम्ही दोघे नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आमची आक्का आणि तिचा मुलगा. कुठेही निघायचे म्हटले की आई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर राखते." आणि आईला न्यायचे तर आक्का स्वयंपाकाचे निमित्त काढून मागे राहते. आजवर एकाही धम्मस्थळी आम्ही सातजण एकत्र गेलेलो नाही. चैत्यभूमीला दरवर्षी जातो, पण लोकलने आणि दोन तुकड्यांत.

मोठी सात आसनांची गाडी आम्हाला परवडत नाही. नात्यातल्या एका भावाकडे रेनो कंपनीची ट्रायबर आहे. ती त्याने दोन दिवसांसाठी दिली. या गाडीला लोक फारसे मानत नाहीत. "इंजिन लहान आहे, सात माणसे ओढणार नाही" असे गल्लीतल्या जाणकारांनी आधीच सांगून टाकले होते.

गाडी भारतात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आली. लांबी ३९९० मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. त्यामुळे गल्लीत वळते आणि चाळीसमोर उभी राहते. दुसरा फायदा कराचा आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी लागतो. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून अशा गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला, पूर्वी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. एर्टिगा ४३९५ मिलिमीटर लांब आणि १४६२ सीसीची आहे, म्हणून ती या सवलतीत बसत नाही.

ट्रायबरचे इंजिन ९९९ सीसी, तीन सिलिंडरचे, ताकद सुमारे ७२ अश्वशक्ती. हे आकडे लहान आहेत यात शंका नाही. म्हणून आम्ही मुद्दाम घाटाचा रस्ता निवडला.

नाशिक ते चाळीसगाव

सकाळी त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याच्या बुद्धविहारात वंदना करून निघालो. आक्काचा मुलगा आणि आमचा मुलगा तिसऱ्या रांगेत, आई आणि आक्का मधल्या रांगेत खिडकीशी, मुलगी त्यांच्या मध्ये. मधली रांग पुढे-मागे सरकते, म्हणून आईच्या गुडघ्यांना जागा करता आली. मागच्या मुलांनाही थंड हवेची स्वतंत्र सोय आहे. मात्र तिसरी रांग मुलांसाठीच बरी. मोठ्या माणसाने तिथे तास-दोन तासांहून जास्त बसू नये.

सामानाची अडचण खरी आहे. सातजण बसले की मागे ८४ लिटर जागा उरते. डब्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि दोन हातपिशव्या, संपले. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही खुर्च्या उचलून घरी ठेवता येतात. मग ६२५ लिटर जागा होते आणि महिन्याचा बाजार किंवा लग्नाची भांडी सहज मावतात. पण माणसे आणि सामान दोन्ही एकदम नेता येत नाहीत.

मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव आणि तिथून चाळीसगाव. सपाट रस्त्यावर गाडी मजेत चालते. पुढच्या ट्रकला ओलांडताना मात्र घाई चालत नाही. गियर खाली घ्यावा लागतो, समोरचा रस्ता लांबवर मोकळा पाहावा लागतो.

चाळीसगावात आम्ही स्टेशनसमोर गाडी उभी केली आणि मुलांना टांग्याची हकिकत सांगितली. मुलाने विचारले, "मग आपल्यातल्या कुणालाच टांगा हाकता येत नव्हता का?" प्रश्न बरोबर होता. ज्या समाजाला वाहनात बसू देत नव्हते, त्याला ते हाकायला कुणी शिकवले असते? आज आपल्या वस्त्यांतून रिक्षाचालक, एसटीचालक आणि ट्रकचालक निघतात. त्यांच्या हातात जे चाक आहे, त्याचे मोल चाळीसगावात नीट कळते.

औट्रम घाट

चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. इथे गाडीची परीक्षा होती. सात माणसे, उन्हाचा वेळ, चढ. वळणावर दुसरा गियर, कधी पहिला. थंड हवा सुरू असली की ओढ कमी झाल्याचे स्पष्ट जाणवते, म्हणून चढावर ती बंद केली. इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी कुठे थांबली नाही आणि तापलीही नाही. ज्याला घाटात शर्यत लावायची आहे त्याने ही गाडी घेऊ नये. ज्याला आईला घेऊन वर पोहोचायचे आहे, त्याचे काम होते.

कन्नडजवळ पितळखोऱ्याची अतिशय प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तिथे बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही सरळ वेरूळ गाठले.

वेरूळ आणि दौलताबाद

वेरूळला मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवून निघावे. मुख्य ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध आहेत. वेळ थोडा असेल तर १० क्रमांकाचे चैत्यगृह आणि १२ क्रमांकाचे तीन मजली विहार चुकवू नये. चैत्यगृहाच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत आणि स्तूपासमोर भगवान बुद्धांची बसलेली मूर्ती आहे. आईने तिथे त्रिशरण-पंचशील म्हटले, तेव्हा आवाज छताखाली घुमत राहिला. बारावीत शिकणारी आमची मुलगी पाठ्यपुस्तकात चित्र पाहून आली होती. आजीच्या मागे ती हळू आवाजात म्हणू लागली.

१९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह हीच लेणी पाहायला आले होते. त्या सहलीत दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या हौदावर त्यांनी प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय धुतले. लगेच ओरड झाली की यांनी पाणी बाटवले, आणि गर्दी जमली. किल्ला पाहू दिला, पण आत पाण्याला कुठेही हात लावायचा नाही या अटीवर, शस्त्रधारी शिपाई बरोबर देऊन. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झालेला होता. सात वर्षांनंतरही हीच स्थिती होती, आणि बाटवल्याची ही ओरड एका परधर्मीयाने केली होती.

आम्ही दौलताबादला किल्ल्यासमोर बसून घरून आणलेले पाणी प्यायलो. आई बराच वेळ काही बोलली नाही.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, पाहुण्यांकडे केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नागसेनवनात गेलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. जवळच ते विद्यापीठ, ज्याच्या नावासाठी समाजाने दीर्घ लढा दिला आणि ज्याचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मुलीला दरवाजासमोर उभे करून आम्ही फोटो काढला. परतताना वैजापूरमार्गे येवल्याला मुक्तिभूमीवर थांबलो. १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा इथेच झाली.

हिशेब

गाडी विकत घेणाऱ्या समाजबांधवांनी काही गोष्टी पाहाव्यात. ग्लोबल एनकॅपने २०२१ मध्ये या गाडीला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ४ तारे दिले. पण २०२२ मध्ये चाचणीचे नियम कडक झाले, म्हणून ते तारे आजच्या तार्‍यांशी ताडून पाहू नयेत. जुलै २०२५ मधील सुधारित गाडीत सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आहेत. जुनी गाडी स्वस्त मिळते, पण त्यात एअरबॅग किती आहेत हे आधी विचारावे. आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांनीही पट्टा बांधलाच पाहिजे.

आमचे ठरले ते असे. मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. तिच्या पहिल्या वर्षाची फी बाजूला निघेपर्यंत गाडी घ्यायची नाही. त्यानंतर नवी, सर्वात साधा प्रकार, सहा एअरबॅगसह. निम्मी रक्कम रोख जमवून, हप्ता असा की एकाचा पगार थांबला तरी दुसऱ्याच्या पगारातून निघावा. शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली म्हणून त्याच्याएवढे कर्ज काढणे हा आपला मार्ग नाही. "शिका" हा शब्द बाबासाहेबांनी सर्वात आधी ठेवला आहे. गाडी त्यानंतर येते.

पण आली, की तिच्यात आई आणि आक्का दोघीही बसल्या पाहिजेत. गाडी निवडताना आम्ही रंग किंवा रुबाब यांच्या आधी हे माप लावले, आणि त्या मापात ही लहानशी गाडी बसली. इतर घरांनीही आपापली माणसे मोजावीत, मग गाड्या मोजाव्यात. जयभीम.