ताण

शेंदूरजनाघाटला दिवेलागण झाली की तुकडोजी महाराजांनी वऱ्हाडात गावोगाव रुजविलेल्या सामुदायिक प्रार्थनेस आम्ही मुले जाऊन बसत असू, आणि हाक मारली म्हणजे ती पोचतेच, याविषयी माझ्या बालमनात तिळमात्र संदेह नव्हता. पुढे धाकटा भाऊ विषमज्वराने अंथरुणास खिळला. आईने उपवास मांडले, सालबर्डीच्या महादेवाला नवस बोलली, आणि तरीही तो गेला. प्रार्थनेचे शब्द माझ्या ओठांवर राहिले, पण ते कोणासाठी उच्चारावयाचे, हे कळेनासे झाले.

समाचाराला आलेले एक वृद्ध बागायतदार आईला मोठ्या मायेने म्हणाले, "माय, ताण देल्याबिगर संत्र्याले बहार येत नाही. देवबी माणसाले तसाच ताण देते." आई काहीच बोलली नाही.

ते वाक्य मी अनेक वर्षे मनात वागविले. स्वतः बाग राखू लागल्यावर त्यातील उणीव ध्यानी आली. संत्र्याच्या आंबिया बहरासाठी हिवाळ्यात पाणी तोडून ताण देणारा माणूस बागेत फिरून पाने निरखतो, जमीन हलकी असल्यास ताण लवकर मोडतो, कारण मर्यादा ओलांडली तर बहर दूरच, फांद्याच वाळतात. आमच्या आईकडे असे कोण पाहत होते? आणि ज्याचा जीवच गेला, त्या लेकराला कोणता बहर यावयाचा होता?

असे प्रश्न विचारणारा मी काही पहिला नव्हे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मूलही गेले. त्यांनी विठ्ठलावर उघड फिर्याद केली, त्याच्या असण्याविषयीही संशय घेतला, आणि वारकरी ती फिर्याद आजतागायत टाळमृदंगावर गातात. संशयाला आमच्या भक्तिपरंपरेने कधी गुन्हा ठरविले नाही. आणि त्याच तुकोबांनी लोकांकडील येणे सोडून आपल्या हिश्श्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. आमच्याच जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची वार्ता कीर्तनात कळली, आणि कीर्तन थांबले नाही. त्या पुरुषाने मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारल्या. दुःखिताला त्याच्या दुःखाचे कारण समजावीत बसण्यापेक्षा त्याला निवारा देणे हे मला अधिक धर्माचे वाटते.

देव ऐकतो किंवा कसे, याचा निवाडा माझ्याने झालेला नाही. पण वाचकहो, अशा घरी समाचाराला जाल तेव्हा प्रारब्धाचा दाखला देऊ नका. त्या घरची चूल बंद असते, भाकरी घेऊन जा.