आमच्या घरातली फॅशन

वाचकहो, गेल्या पावसाळ्यात एका शब्दावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. शब्द इंग्रजी, पण तुमच्याआमच्या तोंडी इतका रुळलेला, की तो परका आहे हे आठवतही नाही. तो शब्द म्हणजे 'फॅशन'.

झाले असे. आमची सूनबाई रोज सकाळी दुधाचे कॅन गाडीला अडकवून डेअरीवर जाते. एक दिवस ओढ्याच्या उतारावर साडीचा पदर चाकात गुंतला आणि ती पडली. कोपर सोलण्यावर निभावले; दूध मात्र सगळे सांडले. संध्याकाळी ती सासूला म्हणाली, "आत्या, उद्यापासून डेअरीला जाताना पंजाबी ड्रेस घालू का?" मी ओसरीवर चहा पीत होतो. मला कोणी विचारले नव्हते, तरी बोललो, "आपल्या घरात असली फॅशन चालायची नाही."

सूनबाई मुकाट्याने आत गेली. कारभारीण मात्र गप्प बसली नाही. "अहो, पोरगी पडली ते दिसलं नाही, फॅशन तेवढी दिसली. आणि तुम्ही ते इमू आणले होते, ती काय होती मग?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नसले की पुरुषमाणूस चपला घालून बाहेर पडतो, तसा मी पडलो आणि इंग्रजीच्या निवृत्त मास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे जाडजूड शब्दकोश आहे. म्हटले, या शब्दाचा अर्थ तरी काय ते एकदा बघू.

नवलच निघाले. 'करणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघून, फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. मूळ अर्थ घडण, घाट, करण्याची तऱ्हा. कुंभार मातीला आकार देतो, सुतार लाकडाचा नांगर घडवतो, त्या घडवण्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. मग अर्थ झाला, सध्या चार लोक करतात ते. आणि आपल्या गावापर्यंत पोचता पोचता तो कपडे आणि केस एवढाच उरला. त्यातही बहुतेक बायकांचे! १९७० नंतर मी स्वतः बेलबॉटम घालून जत्रेत फिरलो आहे, हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

पोरे हल्ली मोबाइल बघून 'ट्रेंड' म्हणतात, तोही शब्द आम्ही काढला. त्याचा जुना अर्थ वळणे. नदी किंवा किनारा कोणत्या दिशेला वळतो, हे त्या शब्दाने सांगत. आपला 'वळण' शब्द असाच आहे की! नदीलाही वळण, पोरालाही वळण.

मास्तर म्हणाले, "आपल्याकडे याला एक शब्द नाही, कितीतरी आहेत. टूम, खूळ, चलती, पेव, प्रघात, रीत. सगळ्यांना फॅशन म्हटलं, की कशाला काय म्हणायचं तेच कळेनासं होतं." त्यातल्या 'पेव' शब्दाशी मी अडकलो. जुन्या माणसांनी पेव पाहिलेले असेल. जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. ते फुटून धान्य लोटावे तशी एखादी गोष्ट जिकडेतिकडे दिसू लागली, की आपण म्हणतो पेव फुटले.

इमूचे पेवच फुटले होते. २००९ साली मी पाच जोड्या आणल्या. ऑस्ट्रेलियातला पक्षी, माणसाएवढा उंच, अंडी गर्द हिरवी, आणि ती उबवतो नर. गावातल्या बाया हे ऐकून फार हसल्या. मांस, तेल, कातडे, पिसे, सगळ्याला मागणी आहे असे विकणाऱ्याने सांगितले होते. पण इमू खाल्लेला माणूस मला आमच्या भागात भेटला नाही. अंडी नेणारा ती उबवून पिल्ले पुढच्या शेतकऱ्याला विकत होता. म्हणजे खरे गिऱ्हाईक कोण, तर उद्या इमू पाळणारा! नवा माणूस येत होता तोवर भाव होता. २०१२ च्या सुमारास नवी माणसे यायची थांबली आणि अंड्याला कोणी विचारीना. खाद्य मात्र रोज लागायचे.

नवे ते सगळे खूळ, असेही नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, तेव्हा भाकरीला चव नाही म्हणून लोकांनी नावे ठेवली. 'हायब्रीड' ही तर शिवीच झाली; आजही नाजूक पोराला म्हणतात. पण त्या ज्वारीचे दाणे माणसांच्या पोटात जात होते, नुसते बियाण्याच्या पिशव्यांत फिरत नव्हते. वडिलांनी ती पेरली, आणि आम्ही भावंडांनी कुरकुरत का होईना, पोटभर खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई कॅन बांधत होती. मी म्हणालो, "ड्रेस घालून जा. ओढणी तेवढी कमरेला घट्ट बांध, चाक ओढणीलाही सोडत नाही." तिने मान खाली घालून "बरं, मामा" म्हटले, हसली असावी.

एक सांगायचे राहिले. त्या पाच जोड्यांसाठी कारभारणीच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या दिवशी एवढी बोलली, पण पाटल्यांचे नाव तिने काढले नाही. आता सूनबाईच्या गाडीचा आवाज ओढ्यापलीकडे गेला, की ती मला दुसरा चहा आणून देते. हातात काचेच्या बांगड्या असतात.