चौथी सीट

शूटर गेममध्ये रँडम टीममेट मिळाला की मॅच गेलीच, असं मी बरीच वर्षं मानत आलो. त्याच्याही पुढचं एक मत होतं आणि लिहायचं आहे ते त्याबद्दल: आपल्याकडच्या पोरांना मिळून खेळताच येत नाही. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट आपण मराठी माणसं स्वतःबद्दल इतक्या वेळा सांगतो, की बीजीएमआय या गेममध्ये एखादा अनोळखी पोरगा मला टाकून पळाला की ती गोष्ट पुन्हा एकदा खरी ठरल्यासारखी वाटायची. आता तसं वाटत नाही. हे मत कुठल्या चांगल्या मॅचमुळे बदललं नाही. ते हळूहळू बदललं, आणि बरंचसं विरार लोकलमध्ये.

आधी राग कशाचा ते सांगतो, कारण तो राग खोटा नव्हता आणि आजही येतो. बीजीएमआयमध्ये शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. चौघांचा एक स्क्वाड. एरँगल हा जुना नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. स्क्वाडमध्ये असताना गोळ्या लागल्या की माणूस लगेच मरत नाही, ‘नॉक’ होतो. मग तो नुसता रांगू शकतो, रक्त कमी होत जातं, आणि तेवढ्यात सोबत्याने जवळ येऊन दहा सेकंद खर्च केले तर तो पुन्हा उभा राहतो. त्या दहा सेकंदांत उठवणाऱ्याला गोळी झाडता येत नाही, बाजूला होता येत नाही. तो आपला जीव दुसऱ्यासाठी उघड्यावर ठेवतो. या गेममधलं टीमवर्क मला विचाराल तर त्या दहा सेकंदांत आहे.

आणि रँडममध्ये नेमके तेच मिळत नाहीत. मी भिंतीआड रांगतोय, मारून टाकणारा झोन जवळ येतोय, माईकवर ओरडतोय, “भाई, स्मोक टाक, रिव्हाइव्ह दे”, आणि चार पावलांवर आपला गडी मीच पाडलेल्या माणसाची क्रेट, म्हणजे सामानाची पेटी, उघडून बसलाय. आधी लेव्हल थ्री हेल्मेट घेतो. मग स्कोप बदलतो. मग आपल्या बॅगेतल्या जास्तीच्या गोळ्या टाकून जागा करतो. दुसरा विमानातून एकटाच नकाशातल्या पोचिंकी गावात उडी मारून, मरून, कधीच लॉबीत परतलाय. तिसऱ्याचा माईक चालू आहे, पण त्यातून फक्त कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्हीवरची मालिका ऐकू येते.

ऑफिसातून विरारच्या बोळिंजला घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ होतात. जेवणखाण उरकून जो तासभर उरतो तो माझा. तो असा गेला की झोप येईपर्यंत डोकं तापलेलं असायचं. भाच्याला मी समजावायचो, की बाबा, आपल्याला शाळेतच एकट्याने पहिलं यायला शिकवतात, मिळून काही करायला शिकवत नाहीत, म्हणून हे असं होतं. बोलायला छान वाटायचं ते.

पण या मताला माझीच एक आठवण अडवायची. २००५-०६ च्या सुमारास विरार स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. पोरं बोळिंजची, आगाशीची, नालासोपाऱ्याची. सगळे एकमेकांचे मित्र होते असं मुळीच नाही. जो येईल तो रिकाम्या खुर्चीत बसायचा आणि टीम व्हायची. त्या गेममध्ये खेळाच्या आतले पैसे असतात. सुरुवातीला ८०० डॉलर, म्हणजे फक्त पिस्तूल. एके-४७ घ्यायची तर २५००. लांबून एका गोळीत माणूस पाडणारी एडब्ल्यूपी ४७५० ला. हरलेल्या टीमकडे पैसे कमी, म्हणून मग ‘इको’ करायचा: सगळ्यांनी ठरवून एक राउंड पिस्तुलावर खेळायचा, हरायचा, आणि पुढच्या राउंडला सगळ्यांनी मिळून चांगल्या बंदुका घ्यायच्या. पाचातल्या एकाने जरी हाव सुटून मध्येच खरेदी केली तरी सगळं फुकट. शिवाय ज्याच्याकडे पैसे साठलेत त्याने एके घेऊन शेजारच्यासाठी जमिनीवर टाकायची. “ड्रॉप दे” म्हटलं की मिळायची.

हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. जी शाळा मी भाच्यापुढे दोषी धरत होतो त्याच शाळांतून आलेली ही पोरं होती, आणि ती इको पाळत होती, ड्रॉप देत होती, डस्ट-टू नकाशातल्या बोगद्यात एक जण पुढे मरायला जात होता म्हणून मागच्यांना बॉम्ब लावता येत होता. मग खेकड्यांची गोष्ट इथे कुठे गेली? ही शंका माझ्या मनात बरीच वर्षं नुसती पडून होती.

तिचं उत्तर मिळालं ते गाडीत. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, आणि सकाळी मी ज्या डब्यात चढतो तिथे बाराही महिने तीच माणसं. निम्म्यांची आडनावं मला आजही माहीत नाहीत. नालासोपाऱ्याहून उलटे विरारला येऊन रिटर्न बसणारे जागा धरतात आणि अंधेरी आली की कुणी न सांगता उठतात, उभ्या असलेल्याला बसवतात. बॅग हातोहात रॅकवर जाते. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, अर्धा अधांतरी, आणि आधीचे तिघे न बोलता सरकून घेतात. मुंबईच्या लोकलमध्ये फोर्थ सीट कुठल्या नियमात लिहिलेली नाही, तरी ती मिळते. दसऱ्याच्या वेळी डब्याला तोरणं लागतात, पूजा होते, त्याची वर्गणी कुणी बुडवत नाही.

आमच्या डब्यात एक काका आहेत. गुडघे दुखतात तरी अंधेरीला न चुकता उठतात आणि समोरच्याला हाताने धरून बसवतात. एका संध्याकाळी दादरच्या पुलावर ते मला दिसले. गर्दीत खांदा घालून, समोरच्या बाईला बाजूला सारून, कुणाकडेही न बघता जिना उतरत होते. सकाळचे काका आणि संध्याकाळचे काका एकच. त्यांचे संस्कार दादरला बदलले नव्हते. बदललं होतं ते एवढंच, की पुलावरच्या माणसांशी त्यांची पुन्हा गाठ पडणार नव्हती.

सायबर कॅफेतही हेच होतं. ड्रॉप घेऊन परत न देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच खुर्च्यांमध्ये यायचं असायचं, आणि तिथे त्याला कुणी टीममध्ये घ्यायचं नाही. मॅचला उद्या होता. बीजीएमआयच्या रँडम मॅचला उद्या नाही. जोड्या लावणारी यंत्रणा तुमची रँक बघते, सर्व्हरशी जोडणी किती वेगवान ते बघते, आणि लाखो खेळणाऱ्यांमधून तीन जण उचलून तुमच्याशेजारी बसवते. मॅच संपली की ते तिघे गेले. जो मला सोडून क्रेट लुटत होता त्याला माझ्याकडून उद्या काही मिळायचं नाही आणि काही भोगायचंही नाही. वर शेवटच्या तक्त्यात पहिलं नजरेत भरतं ते कुणी किती किल घेतले. मला उठवण्यात घालवलेले दहा सेकंद तिथे कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

हे कुणीतरी आधीच तपासून पाहिलं होतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणक प्रोग्रॅमची एक स्पर्धा घेतली होती. दोन प्रोग्रॅम समोरासमोर, दर डावात साथ द्यायची की दगा द्यायचा हे ठरवायचं. एकच डाव असेल तर दगा देण्यात फायदा. पण तेच दोघे पुन्हा पुन्हा भेटणार असतील तर? तज्ज्ञांनी पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये जिंकला तो सगळ्यात छोटा, अनातोल रॅपोपोर्ट यांचा. पहिल्यांदा साथ द्यायची, मग समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच आपण करायचं, बस. निकाल जाहीर करून दुसरी स्पर्धा घेतली, ६२ प्रोग्रॅम आले, तरी तोच जिंकला. १९८४ च्या आपल्या पुस्तकात ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं, की साथ टिकायला माणसं भली असावी लागत नाहीत, एकमेकांशी मैत्रीही लागत नाही. पुन्हा भेट होण्याची शक्यता मोठी असावी लागते. हे वाचताना मला आमचा डबाच दिसत होता.

मग मी एक सवय लावून घेतली. मॅच हरलो वा जिंकलो, ज्याने एकदा तरी वाकून कुणाला उठवलं त्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची. बहुतेकांनी घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यातले दोन टिकले. एक इचलकरंजीचा, यंत्रमागावर पाळीने काम करतो. दुसरा हैदराबादचा, हिंदी जेमतेम, मराठी शून्य, त्यामुळे आमचं अर्धं बोलणं नकाशावर खूण करून आणि तयार मेसेज दाबून चालतं. एपेक्स लीजेंड्स हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये आला तेव्हा त्यातल्या ‘पिंग’च्या, म्हणजे अशी खूण करण्याच्या, सोयीचं जगभर कौतुक झालं, ते का हे मला या हैदराबादच्या गड्यामुळे कळलं: शत्रू इथे, गोळ्या तिथे, मी इकडे चाललो, सगळं बोटाने सांगता येतं. आमच्यापैकी कुणाचाही नेम फारसा सुधारलेला नाही. पण महिन्याभरात रिव्हाइव्ह मागावा लागेनासा झाला. मी पडलो की स्मोक आधीच पडलेला असतो.

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार सोपी झाली असती. पण विरार लोकलची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक आहे. बोरिवली-भाईंदरचा माणूस विरार फास्टमध्ये चढला तर त्याला उतरू न देणारे, दारात अडवणारे, प्रसंगी हात उगारणारे हेच ग्रुप असतात. ज्या रोजच्या भेटीमुळे आतल्याला फोर्थ सीट मिळते तिच्यातूनच बाहेरच्याला दारात अडवण्याची ताकदही येते. गेममध्ये याचं जे रूप आहे ते मी पाहिलंय. तीन मित्रांच्या स्क्वाडमध्ये चौथा रँडम म्हणून पडलात की ते तिघे आपापसांत तेलुगूत, पंजाबीत नाहीतर मराठीतच बोलतात, गाडीत तुम्हाला न घेता निघतात, आणि शत्रू कुठे आहे हे कळावं म्हणून तुम्हाला पुढे धाडतात. त्यांचं आपसातलं टीमवर्क उत्तम असतं. माझ्या जुन्या मताप्रमाणे ही आदर्श टीम ठरली असती.

शिवीगाळीचं वेगळं सांगायला हवं. लीग ऑफ लीजेंड्स चालवणाऱ्या रायट गेम्समध्ये जेफ्री लिन यांच्या गटाने खेळणाऱ्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. त्यांना आढळलं, की बरीचशी शिवीगाळ सराईत गुंडांकडून होत नाही. एरवी नीट वागणाऱ्यांकडूनच अधूनमधून होते. हे मला पटतं, दिवसभर बॉसचं ऐकून आलेला माणूस रात्री माईकवर काय बोलतो ते मी ऐकलं आहे. पण मुलीचा आवाज आला की जे सुरू होतं त्याला उद्या नसण्याची सबब मी देणार नाही. माझ्या ओळखीच्या दोन मुली माईक कायमचा बंद ठेवून खेळतात. त्यांनी माहिती द्यायची तरी कशी? मग त्यांनाच ‘कम्युनिकेशन नाही’ म्हणून बोल लावायचे, हे मी पूर्वी ऐकून सोडून द्यायचो. आता मधे पडतो आणि रिपोर्टचं बटण दाबतो.

मला गेम बनवणाऱ्यांकडून एक हवं आहे. मॅचनंतर चौघांनाही पसंत पडलं तर तेच चौघे पुढच्या मॅचला आपोआप एकत्र यावेत, रिक्वेस्ट पाठवण्याचा आणि वाट बघण्याचा खटाटोप न करता. आणि शेवटच्या तक्त्यात उठवलेल्यांचा आकडा किलच्या आकड्याएवढा मोठा दिसावा. यामुळे सगळे सज्जन होतील असं नाही, पण काकांना पुलावर डब्यातल्यासारखं वागायला एक कारण मिळेल.

आमच्या स्क्वाडमधला वाद मात्र मिटलेला नाही. आम्ही तिघे, चौथी जागा रिकामी. ऑटो मॅच बंद करून तिघांनीच खेळता येतं आणि इचलकरंजीवाल्याचा तोच आग्रह आहे. रँडम येतो, गोळ्या वाटून घेतो, भलतीकडे पळतो, त्याला उठवायला जाऊन आपण दोघे मरतो, रँक खाली येते; त्याचं म्हणणं आकड्यांनी खोडता येत नाही. मला जिंकायचं नाही असंही नाही. पण चौथा घ्यायचा, त्याला गाडीत आधी बसवायचं आणि तो पडला तर आधी त्याला उठवायचं, या मुद्द्यावर मी अडून बसलोय. हैदराबादवाला दोन्हीकडे थम्स-अप पाठवतो. आज इचलकरंजीत रात्रपाळी आहे, म्हणजे जागा दोन रिकाम्या. ऑटो मॅच चालू ठेवणार आहे.