न्हाणीतील दगड

आमचें घर चांद्याच्या, म्हणजे आतांच्या चंद्रपूरच्या, परकोटाच्या आंत पठाणपुरा वेशीकडे आहे. घराच्या मागें न्हाणीजवळ एक मोठा घडीव दगड पडलेला आहे. त्यावर पणजी धुणें धूत असे, नंतर आजी, आतां आई. तो कोठून आला, हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. घरांतल्या वस्तूंविषयीं असे प्रश्न सहसा पडत नाहींत.

यंदा गुरुजींनीं वर्गास आपल्या गांवाच्या तटाविषयीं निबंध लिहावयास सांगितलें. तेव्हां मी दोन रविवार तटाच्या कडेनें हिंडलों. सुमारें साडेसात मैलांचा हा घेर. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अचलेश्वर या चार वेशी, आणि शिवाय पांच खिडक्या: चोर, विठोबा, हनुमान, बगड व मसाण. शेवटचीचें काम नांवावरूनच समजतें! खांडक्या बल्लाळशाहास झरपटीच्या पाण्यानें रोगमुक्ति मिळाली, सशानें कुत्र्याचा पाठलाग केला, आणि राणीच्या सांगण्यावरून तेथेंच नगर वसलें, ही कथा येथें प्रत्येक आजी सांगते. कथा खरी असो वा नसो, तट मात्र खरा आहे. एका राजाच्या हयातींत तो पुरा झाला नाहीं, पुढच्या पिढ्यांनीं तो नेटानें चालू ठेविला. वेशींवर हत्तीला नमविणारा सिंह कोरला आहे. मी त्याखालून रोज सायकलनें जात आलों, पण मान वर करून पाहिलें तें यंदाच.

अठराव्या शतकाच्या आरंभीं राणी हिराईनें पति बीरशाह याची समाधि बांधविली व महाकालीचें मंदिर उभारलें. १७५१ त राज्य भोसल्यांकडे गेलें. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं याच तटास खिंडार पाडलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबूराव शेडमाके यांना या गांवांत फांशी दिलें. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनीं तटावरचें रान तोडून तो चालण्याजोगा केला, म्हणून तर मला हें सारें पाहतां आलें.

कित्येक ठिकाणीं तटाचे वरचे थर नाहींसे झालेले दिसले. माझें रक्त तापलें. निबंधांत मीं लिहिलें, "तोफांनीं नेलें नाहीं तें घर बांधणाऱ्या चोरांनीं नेलें." हें वाक्य मला फारच आवडलें होतें. संध्याकाळीं तें आजोबांना मोठ्यानें वाचून दाखविलें.

आजोबा बराच वेळ बोलले नाहींत. मग न्हाणीकडे बोट करून म्हणाले, "तो दगड तिथलाच आहे, बाबू. माझ्या बापानं बैलगाडींत घालून आणला. पडलाच होता. तेव्हां सारेच आणत."

मी बाहेर जाऊन पाहिलें. धुण्यानें झिजलेल्या बाजूखालीं छिन्नीच्या खुणा स्पष्ट होत्या. ज्या पणजोबांच्या तसबिरीस आम्ही दसऱ्यास हार घालतों, त्यांनाच मीं चोर म्हटलें होतें. मीं वाक्य खोडावयास लेखणी उचलली, तों आजोबा म्हणाले, "राहूं दे. पण त्याखालीं आपल्या घराचं नांव लिही."

मीं लिहिलें. वर्गांत वाचतांना माझा आवाज कांपला, आणि मुलें हंसतील असें वाटत होतें, तों मागच्या बांकावरील एकजण हळूच म्हणाला, "आमच्या घरीं दोन आहेत."

तट हें संरक्षित स्मारक आहे. आपण जाऊन दगड चिकटवून यावयाचा, असें चालत नाहीं. म्हणून पुरातत्त्व खात्यास पत्र लिहिलें. मसुदा माझा, सही आजोबांची. उत्तर यावयाचें आहे. तोंवर आई धुणें साध्या फरशीवर धुते, आणि फरशी निसरडी आहे म्हणून रोज मला बोलते.