महापे ते नाणेघाट : दोन चाकांचा जमाखर्च

ठाणे–बेलापूर रस्ता सोडून पूर्वेकडे वळले की पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी महापे लागते. आगरी-कोळी वस्तीचा, भातखाचरांचा आणि खाडीकाठच्या मिठागरांचा हा मूळ प्रदेश. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे खाडीपलीकडचा हा पट्टा कारखान्यांचा झाला. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना होऊन शेजारी नव्या शहराची आखणी सुरू झाली. पुढे मशीद बंदरच्या घाऊक पेढ्या वाशीच्या बाजार आवारात आल्या आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी कुटुंबेही वाशी-नेरुळ-ऐरोलीत स्थिरावली. महाप्याला रसायनांचे व यंत्रभागांचे कारखाने होतेच. नंतर मिलेनियम बिझनेस पार्क उभे राहिले, आणि अलीकडे रत्ने व दागिने निर्यात परिषदेने आपल्या दागिने उद्यानासाठीही हीच जागा निवडली.

आठवडाभर हे गाव ट्रकांचे आणि कंपनीच्या बसगाड्यांचे असते. रविवारी पहाटे मात्र शिळफाट्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर वेगळा आवाज ऐकू येतो. शिरस्त्राण, जाड जाकीट, मागे घट्ट आवळलेली खोगीर-पिशवी अशा थाटात मोटारसायकलस्वार घाटमाथ्याकडे निघालेले असतात. त्यांत अनेकजण असे, की सोमवारी सकाळी दहाला ते पेढीच्या गल्ल्यावर बसलेले दिसतील. घरच्या वडीलधाऱ्यांना या छंदाचे कौतुक कमी आणि काळजी अधिक असते. ती काळजी अनाठायी नाही. परंतु हा छंद नीट जोपासला तर त्यात धाडसापेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे, हे महाप्यातून निघणारी एक वाट पुरती चालून गेल्यावर ध्यानात येते.

ज्या वाहनाला स्पोर्ट टूरर म्हणतात, त्याचा पिंडच तडजोडीचा. शर्यतीच्या गाडीसारखे पुढे ओणवे बसावे लागत नाही; पण ताठ बसवणाऱ्या जड गाडीसारखी ती वळणांत आळसावतही नाही. दिवसाला तीन-चारशे किलोमीटर पाठ न मोडता जाता यावे आणि घाटातही गाडीने शब्द पाळावा, ही तिच्याकडून अपेक्षा. 2003 साली आलेल्या 223 घनसेंटीमीटरच्या करिझ्माने मध्यमवर्गीय तरुणाला लांब पल्ल्याची ही चव लावली. डिसेंबर 2016 मध्ये बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यातून 373 घनसेंटीमीटरची डॉमिनार 400 आणली. द्रवाने थंड होणारे एकसिलिंडरी इंजिन, सहा गियर आणि तेरा लिटरची टाकी असलेली ही गाडी सह्याद्रीच्या रस्त्यांवर आज सर्रास दिसते. हजार घनसेंटीमीटरच्या परदेशी गाड्याही या रांगेत असतात; पण किमतीचा फरक बाजूला ठेवला तर निगराणीचे नियम सर्वांना सारखेच.

या निगराणीला महापे-रबाळे-तुर्भे पट्टा सोयीचा आहे. लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंग, रबराचे सील, नटबोल्ट यांपैकी एकाही गोष्टीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. चार गाळे फिरले की काम होते. तरीही निम्मी निगराणी घरच्या पार्किंगमध्येच होते आणि तिला पैसा जवळजवळ लागत नाही. हवेचा दाब टायर थंड असतानाच तपासावा, कारण धावून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो आणि फसवतो. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड जाते. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते. दमट खाडीकाठी ते दोन वर्षांनी बदलणे उत्तम, नाहीतर लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळते आणि लिव्हर मऊ पडतो. साखळी साधारण पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यावे. पावसात त्याहून लवकर. तिचा ढिलेपणा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवावा. फार ताणलेली साखळी बेअरिंग खाते आणि फार सैल साखळी दातांवरून उडते. एक सक्त ताकीद मात्र प्रत्येक जाणता मिस्त्री देतो : इंजिन सुरू ठेवून, गियर टाकून साखळी कधीही पुसू नये. फडके दातांत ओढले जाते आणि त्यामागून बोटे. चाक हातानेच फिरवावे.

सजावटीचा विषय याहून नाजूक. नवी गाडी घेतली की पहिला मोह सायलेन्सरचा होतो. त्यातून मिळतो तो फक्त आवाज. प्रवासाला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याऐवजी उंच काच लावली तर वारा छातीवर न येता डोक्यावरून जातो आणि दोनशे किलोमीटरनंतरचा थकवा निम्मा होतो. हातांना वारा-पावसापासून आडोसा, इंजिनाखाली दगडांपासून बचाव करणारा पत्रा, पिशव्या चाकात जाऊ नयेत म्हणून लोखंडी कमान, मोबाईल चार्ज करण्याची सोय, हीच खरी प्रवासी जोडणी. 2021 पासून डॉमिनारवर यांतील बहुतेक वस्तू कारखान्यातूनच बसून येऊ लागल्या. बाहेरून दिवे जोडायचे असतील तर रिले आणि फ्यूज यांशिवाय तार जोडू नये. मूळ तारेला सोलून केलेला जोड पहिल्याच पावसात दगा देतो. मागे वजन वाढले तर मागच्या स्प्रिंगचा ताण आणि हवेचा दाब दोन्ही वाढवावे लागतात. तेवढे केले नाही तर पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी बाहेर ओढते.

येथे कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या 52 व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरबदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड अशी तरतूद आली. बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे उभे राहणे अवघड होते, ही गोष्ट व्यापाऱ्याला वेगळी सांगायला नको. उलट कायदा जेथे आग्रह धरतो तेथे तो जीव वाचवणाराच आहे. एप्रिल 2019 पासून 125 घनसेंटीमीटरवरील नव्या दुचाकींना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली, आणि 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे शिरस्त्राण विकण्यास मनाई झाली. गाडीवर हौसेने पन्नास हजार खर्च करून डोक्यावर फुटपाथवरचे शिरस्त्राण घालणे हा व्यवहार कोणत्याही वहीत बसत नाही.

असे सज्ज होऊन निघाले की वाट निवडावी लागते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला अटल सेतूही बंद. म्हणून महाप्याहून निघणारा स्वार जुन्या वाटांकडे वळतो, आणि त्यांत सर्वांत जुनी वाट कल्याणची. शिळफाट्याचा चढ छोटा, पण परीक्षा पाहणारा. खडीच्या ट्रकांमधून सांडलेली बारीक कच वळणावर पसरलेली असते. तिच्यावर ब्रेक लावायचा नसतो. वेग वळणाआधीच उतरवायचा असतो. पुढे काटई, कल्याण, शहाड ही गर्दी सूर्य वर येण्याआधी ओलांडावी. गोवेलीनंतर रस्ता श्वास घेतो. मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी गावे मागे पडतात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते.

वैशाखरे गावापाशी थांबून वर पाहिले तर नानाचा अंगठा हा सुळका दिसतो. त्याच्या कुशीतली खिंड म्हणजे नाणेघाट. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखलेले कल्याण बंदर आणि घाटावरचे जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनकालीन व्यापारी वाट. कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून कोरलेली आहेत. त्यांचे बैलतांडे याच चढाने गेले असतील. आज गाडीला मात्र माळशेजच्या वळणांनी माथ्यावर जाऊन, जुन्नरच्या अंगाने घाटघरला यावे लागते.

माळशेज हा या प्रवासातला कसोटीचा टप्पा. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात रस्ता प्रसन्न असतो. पावसाळ्यात धबधबे रस्त्यावर येतात, धुके हातभर अंतर लपवते, दरडी कोसळतात आणि प्रशासन वेळोवेळी पर्यटनावर निर्बंध घालते. ते पाळणे शहाणपणाचे. चढताना इंजिन घुमत ठेवावे, उतरताना खालचा गियर टाकून इंजिनालाच वेग धरू द्यावा, ब्रेक फक्त साथीला. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवली की गाडी तिकडेच जाते. नजर दरीकडे गेली तर गाडीही तिकडे ओढ घेते. या एका सवयीवर घाटातला जीव अवलंबून असतो, आणि ती कोणत्याही गाळ्यात विकत मिळत नाही.

घाटघरला खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी गोळा करण्यासाठी तो होता असे सांगतात. खिंडीतल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची त्यात संख्येसह मोजदाद आहे. भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नावे वाचता येतात आणि पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात. मूर्ती झिजल्या, आकडे राहिले. पेढीवर वाढलेल्या मुलाला हे लेणे दाखवावे, ते या आकड्यांसाठी.

परतीचे वेळापत्रक सूर्यावर बांधलेले बरे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नेम पाळणाऱ्या घरांतील मुलांना ही शिस्त नवी नाही. डब्यातला ठेपला-खाकरा मुरबाडच्या अलीकडे संपवून उजेडात शिळफाटा गाठता येतो. अंधारात ट्रकांचे प्रखर दिवे डोळे दिपवतात, बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली अचानक समोर येते, आणि दिव्याच्या झोतात सापडणाऱ्या किड्यांनी काच माखून जाते. उजेडात परतणे स्वारालाही हितकर आणि त्या जिवांनाही.

घरी आल्यावर साखळी कोमट असतानाच तेल द्यावे, कारण तेव्हा ते सांध्यांत चांगले उतरते. मग एका छोट्या वहीत तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, हवेचा दाब आणि जाणवलेली प्रत्येक खोट लिहून ठेवावी. पुढच्या रविवारच्या आधी ती वही घरातल्या वडिलांनी एकदा चाळली, तर निघताना 'सांभाळून जा' एवढे म्हणणे त्यांना पुरेसे होते.