माटव कोण घालणार

४ मे
वाचनालयाच्या कमिटीचं पत्र आलं. जागा नक्की झाली. सात गुंठे, गावाच्या वर, कातळाच्या कडेला. "वास्तू कोकणी पद्धतीची असावी." पद्धत म्हणजे काय, तेही खाली लिहिलंय: कमान, उघडा चिरा, उतरतं छप्पर, पुढे तुळस.

६ मे
दिवसभराची स्केचेस फाडली. सगळी रिसॉर्ट दिसत होती.
मुंबईची मंडळी गावाकडे घर बांधायला निघाली की उघडा चिरा मागतात. आजोबांच्या घरासारखा, म्हणतात. माझ्या आजोबांच्या घराला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. परवडेल तो चिरा झाकायचा. चिऱ्याचा जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागेल तसा घट्ट होत जातो, पण सच्छिद्र तो सच्छिद्रच. पाणी पितो. आजोबांना लूक नको होता, कोरडी भिंत हवी होती.

९ मे
वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींवरचं जुनं टिपण सापडलं. जन्म पुण्यातला, १९२७. एकत्र कुटुंब, फर्निचरचा धंदा. माणसं वाढली की आजोबांचं घर वाढायचं, खोली निघायची, मजला चढायचा. पुढे इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीत त्यांनी गरिबांना पुरं घर दिलंच नाही. जोतं, पाणी, संडास, एखादी खोली. बाकीचं ज्याचं त्यानं, पैसे जमतील तसं. १९९५ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला.
पुण्यातल्या घराचा जिना तिथे शोधून सापडणार नाही. त्यांनी उचललं ते घराचं वाढणं.
मी अजून कौलांचा उतार मोजतोय.

१७ मे
गाव. काकीकडे उतरलो. खळ्यात लादी बसवलीय, गुळगुळीत, दुपारी पाय भाजतात. मी हळहळलो. सारवलेलं खळं, त्यावर माटव, झापांतून पडणारे उन्हाचे कवडसे वगैरे बोलून गेलो.
काकी कोकमं फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "सारवूक कोण येतला? तू येतलंस?"

रात्री
झोप नाही. उकाडा.
माटव दिवाळीनंतर घालायचे. मेढी रोवायच्या, वर चिवारीच्या काठ्या, त्यावर चुडतांची झापं. पाऊस तोंडावर आला की सगळं उतरवायचं. सुकी चुडतं चुलीला, मेढी मांगरात. घरातली सगळ्यात मोठी खोली ही, वर्षातले सात-आठ महिनेच असायची. लग्नं तिथे, भाताची झोडणी तिथे, आमची झोपही तिथे.
मेढी कोण रोवायचं ते आठवत नाही. खड्डे खणताना कुणाला पाहिल्याचं आठवत नाही. कवडसे मात्र चोख आठवतात.

१८ मे
जागेवर. बूट तापले. कमिटीचे सचिव म्हणाले, "पडीकच आहे, भराव टाकून सारखं करू." नको म्हटलं. का नको ते नीट सांगता आलं नाही.

१९ मे
आचरा, आजोळ. मामी नाही, घर बंद. रामेश्वराच्या देवळात टेकलो.
लहानपणी गावपळणीला आई घेऊन आली होती. देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री. गावात दिवा नाही. मामाने दुपारच्या चहाआधी झोपडी उभी केली होती: चार मेढी, झापं, आत वाळलेलं गवत. मामा तालुक्याला कारकून. नकाशा नाही, ओळंबा नाही. शेजारच्या झोपडीत आणि आमच्यात एक झाप, पलीकडची म्हातारी रात्रभर माझ्या आईशी बोलत होती.
वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे याच आचऱ्यात जन्मले, १९१६ साली. जे. जे.त शिकले, मग हार्वर्डला ग्रोपियसकडे. आयआयटी कानपूर त्यांचं. काँक्रीटची उघडी चौकट, विटा, इमारतींना जोडणारे सावलीतले मार्ग. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचंच. एकावरही आचऱ्याचं छप्पर नाही. विद्यार्थी होतो तेव्हा याचा राग यायचा. कोकणातला माणूस आणि असं काँक्रीट!
आज राग आला नाही.

२० मे
परतीची एसटी. कणकवलीपर्यंत उभा.

११ जून
पुणे. मिरग लागला. तिकडे कोसळतोय, इथे भुरभुर.

२ जुलै
मुद्दाम पावसात गेलो. कमिटीला वाटलं, पाणी कुठे साचतं ते बघायला.
काकीच्या पडवीत पुस्तक घेऊन बसलो. लहानपणी पावसाळा इथेच वाचला. घर अंधारं, माजघरात दुपारीही दिवा लागतो, मग पडवीत अक्षर दिसायचं कसं? पागोळीची कड जमिनीपासून साडेपाच फूट. मोठी माणसं वाकून आत येतात. आभाळ जवळजवळ दिसतच नाही. उजेड येतो तो खालून, ओल्या खळ्यावरून उसळून. बसलेल्याच्या मांडीवर पडतो, उभ्याच्या तोंडावर नाही.
तेव्हा तो लालसर असायचा. आता लादी पांढरी, उजेड जास्त. काकीला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

३ जुलै
वाचनालयाच्या खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ९ इंच. वरचा काठ ५ फूट. बाहेर फरशी, हलक्या रंगाची. छपराची कड ४ फूट पुढे, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या गावात त्याहून कमी चालणार नाही. झडीला लाकडी पट्ट्यांच्या फळ्या, लावायच्या-काढायच्या.
कमान नाही.

२४ ऑगस्ट
सचिवांनी फोटो पाठवलेत. "साहेब, आपला कातळ बघा." दगड दिसत नाही. गेंदाचे पांढरे बोंडे, त्यांत निळीजांभळी सीतेची आसवं. मातीचा थर बोटभर नाही. जूनपूर्वी जिथे माझे बूट तापले तीच ही जागा.
उत्तरात फक्त लिहिलं: भराव नको. इमारत रस्त्याच्या बाजूला सरकवतो.
ते म्हणाले, मग पार्किंग?

८ सप्टेंबर
चतुर्थीला गाव भरलेलं, म्हणून कमिटीची बैठक आत्ताच. ड्रॉइंग पसरलं. आत दीडशे कपाटांऐवजी चाळीस. बाहेर मोठं मोकळं खळं, त्यात मेढींसाठी कातळात कायमची भोकं, लोखंडी बूच लावलेली.
"हे काय?"
"माटव."
हसले. एकजण म्हणाले, "आम्ही स्लॅबचे पैसे गोळा केलेत आणि तुम्ही झावळ्या दाखवता." बोलणं चुकीचं नाही. त्यांनी पावसाळ्याआधी आयुष्यभर छपरं शाकारलीत, स्लॅब म्हणजे त्यांना सुटका.
मग तो प्रश्न आलाच. दरवर्षी माटव घालणार कोण?
काकी बैठकीला नव्हती, पण होती.

९ सप्टेंबर
भूमिका: आठवण मुलाची, खर्च मोठ्यांचा. याच्यावर ड्रॉइंग कसं काढायचं?

१४ सप्टेंबर
आतली खोली स्लॅबची केली. वर कौलं, स्लॅब तापू नये म्हणून, मध्ये हवेला वाट. स्लॅबवाल्यांचंही, कौलंवाल्यांचंही समाधान होईल, असं वाटतंय. माझं पुरतं नाही.
मेढींची भोकं ठेवलीत.

२ ऑक्टोबर
मुलीने ड्रॉइंग बघितलं. "बाबा, इथे लोक जमिनीवर बसणार?" तिच्या शाळेच्या लायब्ररीत कार्पेट आहे, बीन बॅग आहेत. म्हटलं, तुम्हीही जमिनीवरच बसता की.

३० ऑक्टोबर
अंदाजपत्रक पाठवलं. उत्तर नाही.

२१ नोव्हेंबर
सचिवांचा फोन. निधी अर्धाच जमलाय, इमारतीला दोन वर्षं तरी जातील. तोवर पुस्तकं शाळेच्या एका वर्गात पडून. क्रिकेट मंडळाच्या पोरांनी परस्पर ठरवलंय की माटव याच वर्षी घालायचा, जागेवर. भोकं पाडायला मशीनवाला त्यांच्यातलाच. मे अखेर काढायचं कामही त्यांचं. अटी: कॅरमचे दोन बोर्ड, आणि रात्री दहापर्यंत दिवा.
झापांचं विचारलं. विणणारी माणसं उरली नाहीत, आणि उधई लागते. हिरवी जाळी आणणार, बागांना लावतात ती.
हिरव्या उजेडात पान वाचता येईल? उद्या जाळीचा तुकडा मागवून गच्चीवर ताणून बघायचा. पांढरी मिळत असेल तर उत्तम. दोन थर लागतील का तेही. मेढींची जागा बदलायची नाही हे त्यांना लेखी द्यायला हवं, वीजवाल्याला पॉइंट उत्तरेच्या मेढीवर, कॅरमच्या बाजूला.